हुकूम सुटला, पण पोचला का? गाडीतल्या अ‍ॅक्चुएटरचा दोष शोधताना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक ट्रक माझ्याकडे कोल्हापूरजवळ उचगावच्या गॅरेजात आला. ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच बोलायला लागला, "मिस्त्री, आंबा घाटात गाडी मरतीया. टर्बोचा डबा दोनदा बदललाय, फरक काय न्हाई." टर्बोचा डबा म्हणजे टर्बोच्या आतल्या पात्यांचा कोन बदलणारा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्चुएटर. काढलेले दोन्ही डबे त्याने सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. महागाची वस्तू, टाकवत नाही.

डब्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला आणि चावी चालू करून मीटर लावला. बॅटरीवर २५.२ व्होल्ट, कपलरवर २५.१. आधीच्या दोघांनी इथंच "सप्लाय ओके" म्हणून वायरिंगला सोडलं असणार. मी त्याच दोन पिनांवर २४ व्होल्टचा, ७० वॉटचा हेडलाईटचा बल्ब लावला. बल्ब पिवळट मिणमिणला आणि मीटर १७.७ वर आला. बॅटरीच्या मायनसपासून कपलरच्या अर्थ पिनेपर्यंत ७ व्होल्ट खाल्ले जात होते. अर्थची वायर धरून मागं गेलो तर चासीवर रंगाखाली गंजलेली रिंग. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा हा ट्रक दोन दिवस पाण्यात उभा होता. त्या पाण्याने चार वर्षांनी वसुली केली. रिंग काढली, पॉलिशपेपर मारला, नवीन थिंबल दाबून बसवलं. गोणपाटातला पहिला, म्हणजे कंपनीतून आलेला डबाच परत चढवला. ट्रक आजही त्याच्यावर पळतोय.

हा लेख त्या दोन फुकट डब्यांसाठी आहे. अ‍ॅक्चुएटरचा कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा नंबर, आला की अ‍ॅक्चुएटर बदलायचा, ही आपल्याकडची सर्वात महागडी सवय.

चार प्रश्न

ईसीयूने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, सांगितलं की जी वस्तू हलते, उघडते, बंद होते किंवा फवारते ती अ‍ॅक्चुएटर. इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), थ्रॉटलची मोटर, टर्बोचा डबा, डिझेल पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, पर्ज व्हॉल्व्ह, रेडिएटरचा पंखा, ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक, युरियाचा डोझर (सायलेन्सरकडच्या धुरात युरिया फवारणारा), दरवाज्याचं सेंट्रल लॉकसुद्धा. कोणतीही असो, मी चारच गोष्टी विचारतो. हुकूम निघाला का? पोचला का? पाळला का? आणि पाळल्याची खबर ईसीयूपर्यंत परत गेली का?

पहिल्याचं उत्तर स्कॅनरवर मिळतं, दुसऱ्याचं मीटर आणि बल्बवर, तिसऱ्याचं हाताने. चौथ्यासाठी परत स्कॅनर. वरच्या ट्रकात हुकूम निघाला होता, वाटेत अडला. बदलली मात्र तिसरी जागा, तीही दोनदा.

हत्यारं

खूप लागत नाहीत. चालू आकडे दाखवणारा आणि अ‍ॅक्चुएटर चालवून बघता येणारा स्कॅनर हवा. नुसते कोड वाचून पुसणारा स्वस्तातला डोंगल याला पुरत नाही. डिजिटल मीटर, त्यात फ्रिक्वेन्सी आणि ड्युटी (चालू-बंद होणारी लाईन किती टक्के वेळ चालू असते ते) असेल तर उत्तम. एलईडीचा टेस्टर, २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब आणि एक हेडलाईट बल्ब, १२ आणि २४ व्होल्टचे वेगवेगळे, वायरी सोल्डर करून. हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप. कपलरच्या मागून आत जाणाऱ्या बारीक पिना. वायरीला सुई टोचायची नाही. आज टोचलेल्या भोकातून गगनबावड्याच्या पावसात पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं होतं. सहा महिन्यांनी गाडी परत येते, तेव्हा ते भोक कुणाला दिसतही नाही.

बल्बचा नियम आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी ईसीयू जाळेल. मोठा बल्ब फक्त कपलर काढून, फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर लावायचा. लाईनीचा फ्यूज १० अँपिअर किंवा जास्त असेल तर हेडलाईट बल्ब, कमी असेल तर २१ वॉटचा. ईसीयूकडून येणाऱ्या हुकमाच्या वायरीवर आणि सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीवर बल्ब लावायचाच नाही. तिथं एलईडी टेस्टर किंवा मीटर.

आणि जिवाचं म्हणजे: कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे जिथं सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल जातं, इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप सैल करायचा नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिसिंग शोधायला आपण पाइप ढिला करायचो. इथं रेलमध्ये १६०० बार आणि त्याच्याही वर दाब असतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते. इंजेक्टरच्या वायरींनाही हात नको, उघडायच्या क्षणी तिथं ६५ व्होल्टच्या वर झटका असतो. पिवळ्या कव्हरच्या एअरबॅग वायरींत टेस्टर घालायचा नाही. पंख्याजवळ हात घालण्याआधी त्याचा कपलर काढायचा, चावी बंद असली तरी काही गाड्यांत पंखा आपोआप फिरतो.

आधी ऐकायचं, मग स्कॅनर

ड्रायव्हर जे सांगतो त्यात निम्मं निदान असतं, पण त्याला नीट विचारावं लागतं. "पिकअप नाही" एवढ्यावर थांबायचं नाही. थंड असताना की गरम झाल्यावर? रिकामी की भरलेली? चढावर की सपाटीवर? चावी बंद करून परत चालू केली की बरी होते का? शेवटच्या प्रश्नाला "व्हय, मग धा किलोमीटर चांगली पळती" असं उत्तर आलं तर ईसीयूने गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालायच्या अवस्थेत, टाकली होती आणि चावी फिरवल्यावर सोडली, हे कळतं. म्हणजे दोष कायमचा नाही, ठराविक वेळी उगवणारा आहे.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: यात अलीकडे काय काम झालं? ट्रॅकर बसवला, रिव्हर्स कॅमेरा लावला, हॉर्न बदलला, बॉडीला वेल्डिंग केलं, ऊस भरायला डाले उंच केले. गळीत हंगामाच्या आधी डाल्यांचं वेल्डिंग करून आलेल्या गाड्या मी वेगळ्या नजरेनंच बघतो. आणि उंदीर. गुऱ्हाळाजवळ किंवा उसाच्या फडाशेजारी रात्री उभी राहणारी गाडी असेल तर इंजिनवरचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपल्याशिवाय स्कॅनर लावत नाही.

मग कोड. पहिला नियम: पुसायचे नाहीत. फोटो काढायचा, फ्रीज फ्रेम उतरवून घ्यायची. कोड पडला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान, बॅटरीचे व्होल्ट किती होते ते तिथं लिहिलेलं असतं. अ‍ॅक्चुएटरचे पाच कोड आणि त्यांच्यासोबत पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर.

कोडमध्ये एक बारकावा बहुतेक जण सोडतात. "सर्किट" म्हणणारा कोड वेगळा आणि "काम नीट नाही" म्हणणारा वेगळा. पी०४०३ म्हणजे ईजीआरचं सर्किट, वायर नाहीतर कॉइल. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर पुरेसा जात नाही, तिथं वायर बहुधा ठीक असते, कार्बन असतो. पी०२०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट, तर पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, ज्याला फाटलेला होजपाइपसुद्धा कारण असतो.

ट्रकात हे आणखी सोपं आहे. तिथं एसपीएन सांगतो कोणती वस्तू आणि एफएमआय सांगतो काय झालं. हे पाच आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एफएमआय ३ म्हणजे व्होल्ट जास्त, ४ म्हणजे व्होल्ट कमी, ५ म्हणजे करंट कमी, बहुधा वायर तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त, कुठंतरी शॉर्ट, आणि ७ म्हणजे हुकूम दिला पण यंत्र हललं नाही. एसपीएन ६४१ हा टर्बोचा डबा. ६४१ सोबत ५ असेल तर वायर धरा, ७ असेल तर पात्यांचा कार्बन आणि सप्लायची ताकद बघा. आमच्या उचगावच्या ट्रकात ७ होता. डब्याला ताकदच मिळत नव्हती, म्हणून तो पाती ढकलू शकत नव्हता.

पोचला का: सप्लाय आणि अर्थ

क्रम असा. इंजिन बंद असताना बॅटरी: १२ व्होल्टच्या गाडीत १२.४ च्या वर, २४ च्या गाडीत २५ च्या आसपास. सेल्फ मारताना १२ ची गाडी ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५, ट्रकला २७.५ ते २८.५. हे नसेल तर पुढं जाऊच नका. व्होल्ट पडले की ईसीयू वेड्यासारखे कोड टाकतो आणि तुम्ही त्या कोडांमागं दिवसभर पळता.

मग फ्यूज. वरून बघायचा नाही, दोन्ही पायांवर टेस्टर लावायचा. त्यानंतर रिले. ३० नंबरला बॅटरी, ८५ आणि ८६ ही कॉइल, ८७ ला माल बाहेर. शेजारचा तसाच रिले काढून अदलाबदल करणं ही सर्वात झटपट चाचणी, फक्त आधी वरचा आकडा वाचा. एका २४ व्होल्टच्या टिपरमध्ये कुणीतरी १२ चा रिले बसवला होता. दिसायला तोच, पाय तेच. कॉइल तापून टोपी वितळली तेव्हा मालकाला कळलं. ईसीयूचा मेन रिले खराब झाला तर एकाच वेळी दहा-बारा कोड येतात. एवढ्या वस्तू एका रात्रीत मरत नाहीत. असे घोळक्याने कोड आले की त्या सगळ्यांचा फ्यूज, रिले किंवा अर्थ एकच आहे का ते वायरिंगच्या नकाशात शोधायचं.

मग बल्बची चाचणी, लेखाच्या सुरुवातीला सांगितली तशी. मीटर एकटा का फसतो? मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. शंभर तारांतली एक शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, पाइप चोंदलाय हे नळ सोडल्यावर कळतं. बल्ब म्हणजे नळ सोडणं. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या मायनसपासून कपलरच्या अर्थपर्यंत मोजायचं, ०.२ व्होल्टच्या आत हवं. बॅटरीच्या प्लसपासून कपलरच्या सप्लायपर्यंत मोजायचं, अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं. याच्या वर गेलं की वायर धरून एकेक जोड मागं जायचं, जिथं आकडा एकदम पडतो तिथंच चोर आहे.

अर्थकडे विशेष लक्ष. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीशी त्याचा संबंध फक्त एका जाड पट्टीने. क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम झालं की ती पट्टी लावायची राहते. मग इंजिनचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, हँडब्रेकच्या केबलमधून, कुठूनही वाट काढतो. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या धातूपर्यंत मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर पट्टी काढून साफ करा.

निघाला का: ईसीयूचा हुकूम

बहुतेक दोन वायरींच्या कॉइलवाल्या अ‍ॅक्चुएटरला एका बाजूने सतत सप्लाय असतो आणि ईसीयू दुसरी बाजू अर्थला जोडून तोडून हुकूम देतो. कपलर जागेवर ठेवून मागून पिन घाला. चावी चालू केली की हुकमाच्या पिनेवर बॅटरीएवढे व्होल्ट दिसले तर कॉइल शाबूत आणि हुकूम अजून नाही. आता स्कॅनरवरून ती वस्तू चालू करा. व्होल्ट खाली आले किंवा मीटरच्या ड्युटीत आकडा दिसला की हुकूम निघाला. प्लसला लावलेला एलईडी टेस्टर लुकलुकला तरी चालेल.

वेगाने चालू-बंद होणाऱ्या लाईनीवर साधा मीटर सरासरी दाखवतो. १४ च्या ठिकाणी ७ व्होल्ट दिसले म्हणून घाबरायचं नाही, ती निम्मी ड्युटी आहे.

हुकूमच निघत नसेल तर दोन शक्यता: ईसीयू बिघडला, किंवा ईसीयूला हुकूम द्यायची इच्छाच नाही. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा खरी निघते. करूळ घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक लागत नाही म्हणून एक टँकर आला होता. सिलिंडरला सुटी हवा दिली, लिंकेज झटक्यात हललं. सोलेनॉइडला बाहेरून २४ व्होल्ट दिले, खटकन वाजला. तरी बटण दाबून काही नाही. स्कॅनरवर चालू आकडे उघडले तर क्लच पेडल "दाबलेलं" दाखवत होतं, आणि ड्रायव्हरचा पाय तर बाहेर. क्लच दाबलेला असताना, अ‍ॅक्सिलरेटर शून्यावर नसताना किंवा आरपीएम फार कमी असताना ईसीयू एक्झॉस्ट ब्रेक देत नाही. देऊच नये. पेडलच्या वरचा स्विच अडकला होता, तो सरळ केला आणि काम झालं.

एएमटीच्या, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या आपोआप गिअरच्या, छोट्या गाड्यांत अगदी हेच ब्रेक लाईटच्या स्विचचं. ब्रेक दाबल्याची खबर गेली नाही तर गाडी गिअरच टाकत नाही, आणि मालकाला कुणीतरी अख्खा क्लच-अ‍ॅक्चुएटर युनिट बदलायचा खर्च सांगून मोकळं होतं. आधी मागं जाऊन ब्रेकचा दिवा लागतो का बघा.

पाळला का: खुद्द वस्तू

इथं ओहम मोजायचे, पण ओहमवर फार विसंबायचं नाही. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, कारण कमी ओहमच्या कॉइलला तेवढाच फरक खूप असतो. पेट्रोलचे मॅनिफोल्डमधले इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहम. कॉमन रेल डिझेलचा कॉइलवाला इंजेक्टर अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा कमी, तो साध्या मीटरवर शॉर्टसारखाच दिसतो. त्याला बॅटरी थेट लावली तर कॉइल जळते, कधीही लावायची नाही. नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि शेजारच्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी ताडून बघा. चारांत तीन सारखे आणि एक वेगळा, यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

तापमान विसरायचं नाही. थंडीत ७ ओहम दाखवणारी तांब्याची कॉइल १०० अंशांना ९ च्या पुढं जाते, ते चांगलंच आहे. पण गरम झाल्यावर आकडा एकदम अनंत झाला तर कॉइल आतून तुटते आहे. अशा वस्तूला ड्रायरने गरम करत मोजत राहायचं. घाटात वर गेल्यावरच मरणारी आणि गॅरेजात शहाण्यासारखी वागणारी गाडी पकडायचा हा उपाय. पावसातला दोष असेल तर बागेच्या फवाऱ्याने हार्नेसवर थोडं थोडं पाणी, एका वेळी एकच जागा.

आता महत्त्वाचं. कॉइल बरोबर आहे म्हणजे वस्तू हलते असं नाही. ईजीआर काढून बघा, काळा डांबरासारखा कार्बन असतो, शहरात संथ फिरणाऱ्या डिझेल गाड्यांत जास्तच. टर्बोच्या डब्याची लिंक सोडवून पात्यांचा दांडा बोटाने हलवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा गेला पाहिजे. मध्येच अडकला तर दोष टर्बोत आहे, डब्यात नाही. आणि तिथला स्टॉपचा स्क्रू फिरवायचा मोह टाळा, तो कारखान्यात लावलेला असतो.

पेट्रोलच्या थ्रॉटल बॉडीत चावी बंद असताना पान पूर्ण मिटलेलं नसतं, बारीक फट ठेवून थांबतं. ते मुद्दाम आहे, वीज गेली तरी गाडी कशीबशी कडेला घेता यावी म्हणून. साफ करताना कपलर काढूनच पान हलवायचं. मी एकदा चावी चालू ठेवून बोटाने दाबलं आणि आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चक्र गेलं. ती बॉडी पदरमोड करून भरून दिली. साफ केल्यावर आयडल वर-खाली होतं, त्याला हंटिंग म्हणतात. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने थ्रॉटलची शिकवणी करावी लागते, म्हणजे पानाची नवी जागा ईसीयूला शिकवावी लागते. ती न करता गाडी दिली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात.

बीएस ६ ट्रकांचा युरिया डोझर हा नवा रोगी. तोंडाशी पांढरे खडे जमतात आणि फवारा बंद होतो. ते खडे खरवडू नका, कोमट पाण्यात विरघळतात. युरिया वायरीच्या आत तांब्यावरून चढत लांबच्या कपलरपर्यंत जातो, म्हणून डोझरजवळच्या कपलरात पांढरं दिसलं तर पुढचे कपलरही उघडा. चावी बंद केल्यावर ही यंत्रणा नळीतला युरिया टाकीत परत ओढून घेते. ड्रायव्हरने लगेच बॅटरीचा कट-ऑफ फिरवला तर तो आतच सुकतो. दोन-तीन मिनिटं थांबायला सांगा. एवढी एक सवय लावली तर माझ्याकडचं निम्मं युरियाचं काम बंद होईल, मी तरी सांगतोच.

हवेवर चालणारे

पुष्कळ डिझेल कारमध्ये ईजीआर आणि टर्बो व्हॅक्यूमने हलतात. ईसीयू सोलेनॉइडला हुकूम देतो, सोलेनॉइड व्हॅक्यूम सोडतो, डायफ्राम दांडा ओढतो. म्हणजे वाटेत एक जास्तीचा मधला माणूस. एका कारला पी०२९९ होता, दोन गॅरेजांत टर्बो बदलायचा सल्ला मिळालेला. हातपंप थेट डायफ्रामवर लावला, दांडा ओढला गेला आणि मिनिटभर तसाच राहिला. मग पंप सोलेनॉइडच्या अलीकडच्या नळीवर लावला, काटा लगेच खाली. नळी अल्टरनेटरमागून जाताना उष्णतेने चिरली होती, वीतभर तुकडा बदलला. साबणाचं पाणी इथं उपयोगाचं नाही, व्हॅक्यूम आत ओढतो, बुडबुडे बाहेर येत नाहीत.

दाबाचा सेन्सर तपासायला कोल्हापूरकरांना एक फुकटची सोय आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा आणि हवेचा दाब दोन्ही ९५ किलोपास्कलच्या जवळ दिसले पाहिजेत. रत्नागिरीला हाच आकडा १०१ च्या आसपास असतो. इथं उभ्या गाडीत एक सेन्सर ९५ आणि दुसरा १०१ दाखवत असेल तर टर्बोचा दाब ईसीयू चुकीचाच मोजणार, आणि निर्दोष अ‍ॅक्चुएटरवर आळ येणार.

खबर परत गेली का

स्थिती सांगणारा सेन्सर ज्या अ‍ॅक्चुएटरमध्ये असतो, त्याला स्कॅनरवर "मागितलेलं" आणि "मिळालेलं" असे दोन आकडे असतात. दोन्हींचा ग्राफ एकावर एक लावा. मागितलं ६०, मिळालं ६०, पण उशिरा: चिकट झालंय. मागितलं ६०, मिळालं २० वर थांबलं: अडकलंय. मिळालेलं मध्येच शून्यावर उडी मारून परत येतं: सेन्सर किंवा त्याची वायर, वस्तू नाही. लोखंड एका क्षणात ६० वरून शून्यावर जाऊन परत येऊ शकत नाही. रेल प्रेशरलाही हेच. पूर्ण लोडवर मागणी चढत जाते आणि दाब मागं राहतो, तेव्हा मीटरिंग व्हॉल्व्हच्या आधी डिझेल फिल्टर आणि टाकीकडची लाईन बघा.

सेन्सरला ५ व्होल्ट ईसीयू देतो आणि बरेच सेन्सर एकाच लाईनीवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे एकदम बोंबलतात. मीटर ५ व्होल्टच्या पिनेवर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो चोर.

कॅन आणि ईसीयू

यू ने सुरू होणारे कोड म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरांचं कॅन नावाच्या दोन वायरींवरून चालणारं आपसातलं बोलणं तुटलं. बॅटरी काढा, थोडा वेळ थांबा, डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास हवेत, कारण लाईनीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एका टोकाकडची वायर तुटली. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय, आणि तो कुणीतरी बहुधा बाहेरून बसवलेला ट्रॅकर असतो. टेप गुंडाळलेली, खरवडलेली कॅनची वायर दिसली की मी आधी तो ट्रॅकर सोडवतो.

ईसीयूचा नंबर सर्वात शेवटी. सप्लाय, अर्थ, वायर, वस्तू सगळं ठीक, स्कॅनर हुकूम देतो म्हणतो, आणि ईसीयूच्या पिनेवरच हुकूम नाही, तेव्हाच. त्यातही आधी कारण शोधा. शॉर्ट झालेल्या कॉइलने जुना जाळला असेल तर नवाही जळेल. वेल्डिंगवाल्यांना मी हात जोडून सांगतो: उद्यमनगरात डाले लावून घेण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी शेजारी चिमटवा.

गाडी परत देताना

नवी वस्तू बसवली असेल तर तिची शिकवणी स्कॅनरवरून. काही गाड्यांत इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो, तो बसवण्याआधीच फोटो काढून ठेवा, बसवल्यावर दिसत नाही. मग कोड पुसा आणि गाडी ज्या परिस्थितीत मरत होती त्याच परिस्थितीत चालवा. रंकाळ्याला एक फेरी मारून घाटाचा दोष गेला असं म्हणता येत नाही. तो उचगावचा ट्रक मी मालासकट आंब्यापर्यंत नेला, ड्रायव्हर शेजारी, स्कॅनर मांडीवर. चढाला मागितलेला आणि मिळालेला टर्बोचा दाब हातात हात घालून चढत गेला. वर चहाला थांबलो, इंजिन बंद न करता परत पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड वाचले, एकही नव्हता. मग ड्रायव्हरने सीटखालचा उरलेला डबा काढला आणि विचारलं, "मिस्त्री, ह्यो कुणी परत घेईल का?"